सीबीडीतला (मुख्य पित्तनळीतला) खडा, बिलिरुबिन ५.८ आणि तोंडावर आलेला ऊसतोडीचा हंगाम: आधी ईआरसीपी की एकाच भुलीत सगळं?

तालुका_जीपी_बीड (प्रश्न)

बाई, वय ४६, ऊसतोडीच्या कुटुंबातली. तीन आठवड्यांपासून जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, ती मागे खवाट्यात जाते. दहा दिवसांपासून डोळे पिवळे. मध्ये चार दिवस पिवळेपणा उतरला, पुन्हा चढला. लघवी काळ्या चहासारखी, शौच पांढुरकं, रात्री अंगाला खाज. ताप नाही, थंडी वाजलेली नाही. दुसरा आजार नाही, रक्त पातळ करणारी गोळी नाही. गळ्यात काविळीची माळ घालून झाली आहे.

रिपोर्ट: बिलिरुबिन एकूण ५.८, डायरेक्ट ४.६. अल्कलाइन फॉस्फटेज ४१२, एसजीपीटी १६८. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) १.६, प्लेटलेट २.१ लाख, क्रिएटिनिन ०.८. सोनोग्राफीत गॉलब्लॅडरमध्ये बरेच खडे, मोठ्यात मोठा ९ मिमी. सीबीडी ११ मिमी फुगलेली, पण तिचा खालचा भाग गॅसमुळे दिसला नाही असं लिहिलंय.

विचारायचं ते असं:

१. सरळ ईआरसीपीला (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीतला खडा काढणं) पाठवू की आधी एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय)?
२. ईआरसीपी करून मग गॉलब्लॅडर, की दुर्बिणीतून दोन्ही एकदम?
३. स्टेंट (पित्तनळी उघडी ठेवणारी आतली बारीक नळी) टाकला तर तो किती दिवस चालतो? टोळी साधारण पाच आठवड्यांनी निघणार, परत येणार मार्च-एप्रिलात. उचल घेऊन झालीय, मुकादम मागे लागलाय. त्यामुळे ‘यंदा जाऊ नका’ हा सल्ला कागदावरच राहील.
४. नवरा विचारायलाय, गोळीनं विरघळतो का? मूतखड्यासारखा पाणी पिऊन पडतो का?

---

एंडोस्कोपी_संभाजीनगर

डॉक्टर, सगळ्यात आधी आयएनआर. १.६ वर स्फिंक्टरोटोमी (पित्तनळीच्या तोंडाला छेद) करत नाहीत, १.५ च्या आत हवा. पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून चरबीत विरघळणारं व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि आयएनआर वाढतो. व्हिटॅमिन के १० मिग्रॅ १०० मिली सलाईनमध्ये २०-३० मिनिटांत हळू सोडा आणि २४ तासांनी आयएनआर पुन्हा करा. खाली आला तर दोष अडथळ्याचा. जागचा हलला नाही तर लिव्हरच खराब आहे का ते बघावं लागेल. हे काम तालुक्यातच होतं. ते न करता पेशंट पाठवला की पुढच्या दवाखान्यात एक दिवस फुकट जातो.

आता तुमचा पहिला प्रश्न. इथे दोन मार्गदर्शिका दोन दिशांना बोट दाखवतात. अमेरिकेच्या एएसजीई या एंडोस्कोपी संघटनेच्या २०१९ च्या निकषांत बिलिरुबिन ४ च्या वर आणि सीबीडी फुगलेली, हे दोन्ही असलं की सरळ ईआरसीपी. त्याच वर्षीची युरोपची ईएसजीई मात्र म्हणते, खडा सोनोग्राफीत प्रत्यक्ष दिसला असेल किंवा कोलान्जायटिस (पित्तनळीत जंतुसंसर्ग) असेल तरच सरळ ईआरसीपी, नाहीतर आधी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीच्या टोकावरून आतून केलेली). या बाईंसाठी मी युरोपची बाजू घेईन. ताप नाही, घाई नाही, खडा अजून कुणी पाहिलेला नाही. ईआरसीपी हा आता ‘बघण्याचा’ प्रकार राहिलेला नाही. शंभरात तीन ते दहा जणांना तिच्यानंतर स्वादुपिंडाला सूज येते. नळी रिकामी निघाली तर तो धोका विनाकारण घेतला असं होतं.

चढ-उताराची कावीळ खड्याच्या बाजूनं बोलते. खडा नळीत तरंगतो, बूच बसतं, सुटतं. गाठीची कावीळ सहसा उतरत नाही, चढतच जाते आणि बहुधा दुखत नाही. तरीही ४६ वय, नळीचा खालचा भाग न दिसलेला, म्हणून स्वादुपिंडाचं डोकं एकदा नीट बघितलेलं बरं. एमआरसीपीत ते आपोआप होतं. डाय नाही, क्ष-किरण नाहीत, चार-सहा तास उपाशी आणि अर्ध्या तासाचं काम. तिचा दोष एवढाच की ५ मिमीच्या आतला खडा तिच्या नजरेतून सुटू शकतो. तिथे एंडोस्कोपिक सोनोग्राफी सरस. जिथे दोन्ही सोयी एकाच टेबलावर आहेत तिथे आधी ती करून खडा दिसला की त्याच भुलीत ईआरसीपी उरकता येते.

एक अट. आज रात्री थंडी वाजून ताप आला तर एमआरसीपी विसरा. ताप, कावीळ, दुखणं हे त्रिकूट जमलं म्हणजे नळीत पू. त्यात रक्तदाब पडला किंवा पेशंट बरळायला लागला तर शक्य तितक्या लवकर, बारा तासांच्या आत नळी मोकळी व्हायला हवी. अँटिबायोटिक तिथे सोबतीला असतं, इलाज म्हणजे निचरा.

ईआरसीपीत काय होतं ते थोडक्यात, म्हणजे नातेवाइकांना सांगता येईल. तोंडातून बाजूला बघणारी दुर्बीण ड्युओडेनमच्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, दुसऱ्या भागात नेतात. तिथे पित्तनळी जिथे उघडते ते बोंड, म्हणजे पॅपिला, समोर आणतात. स्फिंक्टरोटोममधून (छेद देणाऱ्या बारीक नळीतून) ०.०२५ किंवा ०.०३५ इंची वायर घड्याळातल्या ११ ते १२ च्या दिशेनं पित्तनळीत सरकवतात. डाय आधी आणि वायर मागून, हा जुना क्रम सोडलेला बरा. वायर आधी गेली तर स्वादुपिंडाच्या नळीत डाय जात नाही आणि सूज कमी येते. नळी फुगलेली असली की डाय निम्मा सलाईन घालून पातळ करतात. दाट डायमध्ये ५-७ मिमीचा खडा बुडून जातो, स्क्रीनवर दिसतच नाही. हवेचा बुडबुडा आणि खडा यांतही गफलत होते. टेबल तिरपं केलं की बुडबुडा वर पळतो, खडा पळत नाही.

मग बोंडाला छेद. छेद सावकाश, टप्प्याटप्प्यानं. एका झटक्यात चेन उघडल्यासारखा गेला की रक्तस्राव किंवा आतड्याला भोक. पुढे खडा ओढून काढायला फुगा किंवा डॉर्मिया बास्केट (तारेची जाळी). नियम साधा आहे: सगळ्यात खालचा खडा आधी आणि एका वेळी एकच. वरचे-खालचे सगळे एकदम ओढायला गेलं की दाराशी गर्दी होऊन अडकतात. बास्केट खड्यासकट बोंडात अडकणं हा सगळ्यात वाईट प्रसंग. त्यासाठी खडा चिरडणारं लिथोट्रिप्टर खोलीत हजर असावं लागतं. पाठवण्याआधी हा एक प्रश्न फोनवर विचारायला हरकत नाही.

१५ मिमीच्या वरचा खडा किंवा नळीचं खालचं टोक अरुंद असेल तर लहान छेद देऊन १२ ते २० मिमीचा फुगा फुगवतात. मात्र फुग्याची जाडी नळीच्या जाडीपेक्षा जास्त नको. त्यानंही नाही झालं तर नळीत बारीक दुर्बीण घालून लेसर. तुमच्या पेशंटच्या गॉलब्लॅडरमधला मोठा खडा ९ मिमीचा, म्हणून इथवर जाण्याची वेळ बहुधा येणार नाही.

शेवटी फुगा फुगवून वरून खाली डाय भरून एक फोटो घेतात, नळी खरंच रिकामी झाली का ते बघायला. रिपोर्टमध्ये ‘नळी पूर्ण मोकळी’ हे शब्द आहेत का ते वाचा. नसतील तर फोन करून विचारा. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या शब्दांत आहे.

---

लॅप_सर्जन_लातूर

वरचं सगळं मान्य, पण दोन टप्पे हाच एक रस्ता आहे असं कुणी समजू नये. सीबीडी ११ मिमी आहे. म्हणजे दुर्बिणीतून गॉलब्लॅडर काढताना त्याच भुलीत नळी साफ करायला ही केस योग्य आहे. एक भूल, एक भरती, आणि बोंडाला छेद नाही.

दोन वाटा. सिस्टिक डक्टमधून (गॉलब्लॅडरच्या नळीतून) जायचं तर खडे लहान हवेत, ६ मिमीच्या आसपास किंवा आत, संख्येनं थोडे आणि सिस्टिक डक्टच्या तोंडाच्या खाली. ३ मिमीची कोलेडोकोस्कोप (पित्तनळीत घालायची दुर्बीण), बास्केट, आणि नळीला टाका घालायची गरजच नाही. पेशंट साध्या लॅप कोलीसारखा (दुर्बिणीतून नुसतं गॉलब्लॅडर काढल्यासारखा) घरी जातो. दुसरी वाट म्हणजे नळीवर उभा छेद. तो ८ मिमीपेक्षा बारीक नळीवर देऊ नये, शिवताना ती आक्रसते आणि पुढे स्ट्रिक्चर होतो, म्हणजे नळी अरुंद होऊन बसते. इथे ११ आहे, चालेल. छेद मोठ्या खड्याच्या मापाचा, ५ मिमीच्या स्कोपनं वर-खाली दोन्हीकडे बघायचं, ४-० च्या विरघळणाऱ्या धाग्यानं बंद. टी-ट्यूब (पित्त बाहेर पिशवीत काढणारी नळी) पूर्वी सर्रास ठेवायचे. आता नळी मोकळी असल्याची खात्री असेल तर ठेवत नाहीत. ठेवली तर पेशंट दोन-तीन आठवडे पिशवी लटकवून फिरतो, आणि तुमची बाई त्या अवस्थेत फडात जाणार नाही.

खरी अडचण दुसरीकडेच आहे. ही कोलेडोकोस्कोप आणि ती चालवणारा हात मराठवाड्यात मोजक्या ठिकाणी आहे. ‘लॅप कोली करतात’ म्हणजे ‘लॅप सीबीडी करतात’ असं नाही. विचारताना दोन गोष्टी स्पष्ट विचारा: तुमच्याकडे कोलेडोकोस्कोप आहे का, आणि टेबलावर सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) मिळेल का. दोन्हीला ‘हो’ आलं तरच या वाटेनं जा. नाहीतर ईआरसीपीवाल्या सरांचा रस्ता धरा, त्यात कमीपणा नाही.

पण मग गॉलब्लॅडर लांबवू नका. माझं भांडण एवढंच आहे. ईआरसीपी झाली, डोळे पांढरे झाले, दुखणं थांबलं की पेशंट समजतो बरा झालो. खड्यांचं कोठार मात्र जागेवरच असतं. दोन आठवड्यांच्या आत लॅप कोली व्हावी, त्याच भरतीत झाली तर उत्तम. महिना-दोन महिने गेले की कॅलोटच्या त्रिकोणात, म्हणजे गॉलब्लॅडरच्या नळीजवळच्या जागेत, सगळं चिकटून बसतं, नळी वेगळी ओळखू येत नाही आणि दुर्बिणीचं ऑपरेशन उघडं करावं लागण्याची शक्यता वाढते. मधल्या काळात दुसरा खडा घसरला तर पुन्हा पहिल्यापासून.

---

एंडोस्कोपी_संभाजीनगर

सर, दोन आठवड्यांचं पूर्ण मान्य. ईएसजीईही तेच सांगते. फक्त एक जोडतो: बिलिरुबिन नॉर्मल होईपर्यंत थांबायचं कारण नाही, उतरणीला लागलं की पुरे. जुन्या काविळीत बिलिरुबिनचा एक हिस्सा अल्ब्युमिनला घट्ट चिकटलेला असतो आणि तो अल्ब्युमिनसोबतच दोन-तीन आठवड्यांनी शरीराबाहेर पडतो. म्हणून लघवी आधी साफ होते, डोळे मागाहून. बारा-पंधरा दिवसांनीही ‘डोळे अजून पिवळेच’ म्हणून पेशंट घाबरून येतो. लघवी पांढरी असेल आणि ताप नसेल तर वाट बघा.

---

भूलतज्ज्ञ_नांदेड

ईआरसीपी ‘साधी दुर्बीण’ नाही, हे पाठवतानाच नातेवाइकांना सांगा. पेशंट पालथा किंवा अर्धा पालथा असतो, खोलीत अंधार असतो, तोंडात दुर्बीण असते आणि प्रोपोफोल हे भुलीचं औषध चालू असतं. श्वास मंदावला तर ते ऑक्सिमीटरवर उशिरा कळतं, कॅप्नोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) लगेच. कॅप्नोग्राफ आहे का, हाही फोनवर विचारण्यासारखा प्रश्न.

जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आपल्याकडे ‘उपाशी या’ म्हटलं की बाया आदल्या संध्याकाळपासून पाणीही सोडतात. त्यात काविळीचा पेशंट, किडनीला तेवढंच निमित्त लागतं. उलट सलाईन चांगलं चाललेलं हवं.

सकाळची मिश्री बंद. मिश्रीला ‘खाणं’ समजत नाहीत, म्हणून विचारल्यावर ‘काही खाल्लं नाही’ असंच उत्तर येतं. मिश्रीनं तोंडाला लाळ सुटते आणि भुलीत ती श्वासनळीकडे जाते. मिश्रीचं नाव घेऊनच विचारा. हलणारे दात, कवळी, पाळीची तारीख, ४६ वय असलं तरी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. डायची किंवा झिंग्याची अ‍ॅलर्जी लोक फार मोठी करून सांगतात. ईआरसीपीत डाय शिरेत जात नाही, नळीत जातो. आधी कधी डायनं गंभीर रिअ‍ॅक्शन आली असेल तर मात्र सांगायला हवं.

आतड्याची हालचाल थांबवायला हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मिग्रॅ देतात. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर चिठ्ठीत लिहा. आतडं फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरत असतील तर नंतरचं पोट फुगणं आणि दुखणं बरंच कमी असतं. कारण तो वायू लवकर शोषला जातो.

स्वादुपिंडाची सूज टाळायला इंडोमेथासिन किंवा डायक्लोफेनॅक १०० मिग्रॅ गुदद्वारातून, प्रक्रियेच्या आधी. स्वस्तातली गोष्ट आहे आणि तीच विसरली जाते. पाच मिनिटांच्या वर धडपड झाली, बोंडाला पाचपेक्षा जास्त वेळा स्पर्श झाला, किंवा वायर एकापेक्षा जास्त वेळा स्वादुपिंडात गेली, तर त्याला अवघड कॅन्युलेशन (नळीत शिरणं) म्हणतात. मग स्वादुपिंडाच्या नळीत ५ फ्रेंचचा (फ्रेंच हे जाडीचं माप) बारीक स्टेंट ठेवतात. तो बहुतेक वेळा आपोआप गळतो, पण गळला का हे ५ ते १० दिवसांत पोटाच्या साध्या एक्स-रेवर बघायचं. तुमच्या तालुक्यात होईल. राहिला असेल तर काढायला परत पाठवा, तो तिथे राहू देणं चांगलं नाही.

---

वॉर्ड_सिस्टर_परभणी

एक गोष्ट कुणी लिहिली नाही, म्हणून लिहिते. ‘पिशवी’ हा शब्द जपून वापरा. आपल्याकडे बायांना पिशवी म्हणजे गर्भपिशवीच. ‘पित्ताची पिशवी काढायची’ एवढं घाईत सांगितलं की ‘पिशवी काढायची’ एवढंच ऐकू येतं, आणि बाई रात्रीतून वॉर्ड सोडून जाते किंवा नको त्या गोष्टीला अंगठा देते. हात धरून उजव्या बरगडीखाली ठेवा आणि म्हणा, लिव्हरच्या खाली, इथे. गर्भपिशवीला हात लागणार नाही हेही म्हणा. संमतीच्या कागदावर ‘पित्ताशय’ लिहा.

तसंच ‘नळी’. स्टेंटला नळी म्हटलं की नाकातली किंवा लघवीची नळी वाटते. ती तर घरी जाताना काढली, मग आत काय राहिलं? बाहेरून दिसत नाही, टोचत नाही, म्हणून लक्षातून जाते. प्लास्टिकचा पित्ताचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत गाळानं बंद व्हायला लागतो. तीन ते सहा महिन्यांच्या आत तो काढायचा किंवा बदलायचा. विसरला तर त्याच्याभोवती नवा खडा धरतो, आणि पेशंट परत येतो तो पू झालेल्या नळीसकट.

कार्ड करताना त्यावर एवढं हवं: स्टेंट कोणता (प्लास्टिक, ७ की १० फ्रेंच, लांबी), टाकल्याची तारीख, काढायची शेवटची तारीख ठळक, नळी मोकळी झाली होती की खडा आत ठेवला होता, आणि फोन दोन माणसांचे. एक फोन गावात राहणाऱ्याचा घ्या. टोळीत गेलेल्यांचे फोन लागत नाहीत, सिम बदलतात, चार्जिंग नसतं. मुलं आश्रमशाळेत किंवा आजीकडे मागे राहतात, तो नंबर पक्का असतो. कार्डाचा फोटो त्यांच्या मोबाईलवर आणि एक प्रत रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये. रेशनकार्ड कुणी हरवत नाही.

घरी सोडल्यावर कशावर लक्ष ठेवायचं: पहिल्या चोवीस तासांत बेंबीच्या वर दुखणं, पाठीत जाणं, उलटी. याला ‘हवा भरली होती, गॅस असेल’ म्हणून अँटासिड देऊन घरी ठेवू नका. लायपेज किंवा अमायलेज (स्वादुपिंडाच्या सुजेच्या रक्ततपासण्या) करा. नॉर्मलच्या तिपटीच्या वर असेल आणि दुखत असेल तर भरती. मानेवर, छातीवर हात फिरवल्यावर कातडीखाली चुरचुरलं तर भोक पडलंय असं समजून लगेच सीटी. काळं डांबरासारखं शौच आठवडा-दोन आठवड्यांनीही येऊ शकतं, छेदातून उशिरा रक्त जातं. त्या दोन आठवड्यांत अंगदुखीच्या मिक्स गोळ्या मेडिकलमधून आणून खाऊ नयेत, पॅरासिटामॉल चालेल.

योजनेचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करायचं असेल तर रेशनकार्ड, आधार घेऊन आधी आरोग्यमित्राकडे. ईआरसीपी आणि लॅप कोली दोन्हींची मंजुरी सुरुवातीलाच विचारून घ्या. पहिल्यानंतर दुसरीसाठी नव्यानं कागद सुरू केले की दोन आठवड्यांचा हिशोब तिथेच चुकतो.

---

फार्मसी_जालना

चौथा प्रश्न राहिला सगळ्यांचा. अर्सोडीऑक्सिकोलिक अ‍ॅसिडनं सीबीडीतला खडा विरघळत नाही. ती गोळी चालते ती कोलेस्टेरॉलच्या, कॅल्शियम न साठलेल्या, बारीक खड्यांना, तेही गॉलब्लॅडर नीट आकुंचन पावत असेल तर. त्यातही सहा महिने ते दोन वर्षं रोज घ्यायची, आणि बंद केली की खडे पुन्हा धरतात. अडलेल्या नळीत तेवढा वेळ नसतो.

पाणी पिऊन मूतखडा पडतो कारण पाणी मूत्रपिंडातून जाऊन त्याच नळीतून वाहतं. प्यायलेलं पाणी पित्तनळीतून वाहत नाही, गटार वेगळं आहे. नवऱ्याला एवढं सांगितलं की पटतं. आणि रात्री लिंबूरस-ऑलिव्ह तेल पिऊन सकाळी हिरवे गोळे पडतात, तो साबण असतो. तेल, पाचकरस आणि क्षार मिळून झालेला. पाण्यात टाकला तर तरंगतो, उन्हात ठेवला तर विरघळतो.

माळेचंही तसंच. ओल्या काड्या दोऱ्यात गुंफलेल्या असतात. त्या वाळून आक्रसतात, गाठी सैल होतात, माळ लांबत जाते. विषाणूची कावीळ बहुतेकांची आपणहून उतरते, श्रेय माळेला जातं. खड्याच्या काविळीत बूच मधूनच सुटतं तेव्हाही तेच. या बाईंची चार दिवसांची उतरण तशीच असणार. माळ काढायला लावू नका, गळ्यात असू द्या, फक्त तिच्यापायी थांबू नका.

आणखी एक, तालुक्याच्या डॉक्टरांसाठी. कावीळ-तापात सेफ्ट्रियाक्सोन सुरू करतात आणि त्याच लाइनमधून रिंगर लॅक्टेट चालू असतं. रिंगरमध्ये कॅल्शियम आहे, सेफ्ट्रियाक्सोनशी त्याचा साका होतो. एकत्र देऊ नका, आधी नॉर्मल सलाईननं लाइन धुवा. सेफ्ट्रियाक्सोन स्वतःही गॉलब्लॅडरमध्ये गाळ करतं, जास्त दिवस दिलं की सोनोग्राफीत नवे खडे दिसल्याचा भास होतो.

---

तालुका_जीपी_बीड

सगळ्यांचे आभार. व्हिटॅमिन केनंतर चोवीस तासांनी आयएनआर १.२. एमआरसीपीत सीबीडीच्या खालच्या टोकाला दोन खडे, ७ आणि ५ मिमी. स्वादुपिंड ठीक, गाठ नाही. लॅप सीबीडीची सोय जवळ नाही, तेव्हा ईआरसीपी आणि त्याच भरतीत लॅप कोली असं ठरतंय.

दोन शंका. नळी पूर्ण मोकळी झाली तरी ‘सेफ्टीसाठी’ स्टेंट टाकतात का? आणि जोडवी. बोटं सुजून घट्ट बसलीत, निघत नाहीत. कापायला तयार नाहीत.

---

एंडोस्कोपी_संभाजीनगर

दोन खडे, ७ आणि ५ मिमी, म्हणजे पहिल्याच बैठकीत नळी मोकळी होण्याची शक्यता चांगली आहे. मोकळी झाली, पू नाही, छेदातून रक्त नाही, आणि लॅप कोली चार दिवसांत होणार, तर स्टेंटची गरज नाही. ‘असू द्या सेफ्टीला’ हे शहरातल्या पेशंटला चालून जातं. इथे स्टेंट टाकला तर त्याचे तीन महिने ऐन हंगामात भरतील. पाठवताना चिठ्ठीत सरळ लिहा: ‘पेशंट सहा महिने स्थलांतरित, स्टेंट अनिवार्य असेल तरच.’ करणाऱ्याला हे माहीतच नसतं.

आणि टाकावाच लागला, म्हणजे खडा राहिला, तर काढायची जागा टोळीच्या वाटेवर शोधा. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे ईआरसीपी होते. टोळी कुठल्या कारखान्यावर जाणार ते मुकादमाला आधीच माहीत असतं. कार्डावर त्या बाजूच्या दवाखान्याचं नाव लिहून द्या. ‘तीन महिन्यांनी बीडला या’ लिहिलं तर त्यासाठी खाडे पडणार, आणि कोयत्यातला (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीतला) एक जण गेला की दोघांचं काम थांबतं. येणार नाहीत.

पुढे कधी कुणी सोनोग्राफी केली आणि ‘पित्तनळीत हवा’ असा शेरा आला तर दचकू नका. छेद दिलेल्या नळीत आतड्यातली हवा वर जातेच.

---

लॅप_सर्जन_लातूर

पाच आठवड्यांचा हिशोब जमतो. पहिल्या आठवड्यात दोन्ही उरकलं तर चार आठवडे हातात राहतात. बेंबीजवळचं छिद्र १० मिमीचं असतं, तिथून हर्निया होतो. स्वयंपाक, चालणं आठवड्यात सुरू करू द्या, पण मोळी डोक्यावर घेऊन शिडीनं ट्रकवर चढणं चार आठवडे अजिबात नको. त्यानंतरही पहिले पंधरा दिवस तोडणी करावी, भरणी दुसऱ्यानं. हे नवऱ्यासमोर आणि जमलं तर मुकादमासमोर सांगा.

---

भूलतज्ज्ञ_नांदेड

जोडवी राहू द्या. कॉटरीचा (विजेनं कापण्या-जाळण्याच्या यंत्राचा) करंट पोटातून मांडीवरच्या प्लेटकडे जातो, पायाचं बोट त्या वाटेवर नाही. प्लेट मांडीच्या मांसल, कोरड्या भागावर पूर्ण चिकटलेली हवी. घामेजलेल्या किंवा तेल लावलेल्या कातडीवर अर्धवट चिकटली की तिथेच भाजतं, म्हणून आदल्या रात्री पायाला तेल लावू नका म्हणावं. बोटांवर कापसाचा थर आणि चिकटपट्टी, म्हणजे जोडवं टेबलाच्या धातूला टेकणार नाही. मंगळसूत्र आणि धातूच्या बांगड्या मात्र काढायच्याच. मंगळसूत्र एक्स-रेच्या चित्रात येतं, आणि बांगडी टेबलाला टेकते. काचेच्या हिरव्या बांगड्यांना हरकत नाही, फक्त सलाईनच्या हातातल्या कोपराकडे सरकवा. मंगळसूत्र नवऱ्याच्या हातात द्यायला सांगा, सिस्टरकडे ठेवलं की बाईचं सगळं लक्ष तिकडेच राहतं.